यौवनलोपी

फराळाचे ताट पुढे असताना प्रेतांच्या गोष्टी काढू नयेत, हे मलाही कळते. परंतु मला जी हकीकत सांगायची आहे ती तान्ह्या मुलांची आहे, आणि प्रेतांना वगळून ती सांगताच येत नाही.

छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या किंचित वर, एक मऊ, दोन पाळ्यांची ग्रंथी असते. पाश्चात्त्य वैद्यकात तिला थायमस म्हणतात. आपल्या मराठी विश्वकोशात तिला ‘यौवनलोपी ग्रंथी’ म्हटले आहे, आणि मला ते नाव मूळ नावापेक्षा सरस वाटते. लहानपणी ती भरदार असते. वयात आल्यावर हळूहळू झिजत जाते आणि तिच्या जागी चरबी साठते. तिचा रंगवलेला पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरावा, तर कडेला खसखस सांडावी तशी जांभळट ठिपक्यांची दाटी दिसते. ते ठिपके म्हणजे लसीकापेशी, पांढऱ्या रक्तपेशींपैकीच एक जात. आतला गाभा फिकट, आणि त्यात कांद्याच्या पापुद्र्यांसारखी गोल वेटोळी. हॅसल या इंग्रज डॉक्टरने १८४०च्या दशकात त्यांचे वर्णन केले. एवढे सारे दिसत होते. ग्रंथीचे काम काय, ते मात्र दिसत नव्हते.

ज्याचे काम ठाऊक नाही त्याच्यावर आळ घेणे सोपे. १६१४ साली बाझेलच्या फेलिक्स प्लाटरने गुदमरून दगावलेल्या एका बालकाची ही ग्रंथी फुगलेली असल्याचे नोंदले होते. १८८९ साली व्हिएन्नाच्या पाल्टाउफने तर अशा मुलांची एक प्रकृतीच ठरवून टाकली: थायमस मोठी, लसीकाग्रंथी मोठ्या, आणि क्षुल्लक कारणाने मृत्यू. पाळण्यातले मूल सकाळी उठले नाही, भूल देताना दगावले, की दोष थायमसचा!

पण मोठी म्हणजे कशापेक्षा मोठी? सारी मेख इथेच होती. शरीररचनेची पुस्तके ज्या प्रेतांवरून लिहिली गेली, ती होती कोणाची? इंग्लंडात १८३२च्या कायद्याने सरकारी दरिद्रालयांत मेलेल्या बेवारशांची प्रेते विच्छेदनाला मिळू लागली. आता या ग्रंथीचा स्वभाव असा, की उपासमार किंवा लांबलेले दुखणे आले की ती आक्रसते. कडेची ती खसखस भराभर मरते. गरिबांच्या देहातली ही वाळलेली थायमस ‘योग्य’ ठरली. आणि अंगावर पिणारे, गुटगुटीत मूल अचानक गेले, की त्याच्या निरोगी थायमसला रोग म्हटले गेले. भुकेने घालून दिलेले माप खात्यापित्या घरातल्या मुलांना लावले गेले ते असे.

१९०७ साली सिनसिनाटीच्या फ्रीडलँडरने क्ष-किरणांचा उपाय केला. उपाय ‘लागू’ पडला, कारण क्ष-किरणांनी ही ग्रंथी खरोखरच आक्रसते. झाले! अमेरिकेत हजारो मुलांच्या गळ्याखाली हे किरण सोडण्यात आले. पहिल्या महायुद्धात धडधाकट शिपायांची शवविच्छेदने झाली तेव्हा त्यांच्याही थायमस ‘मोठ्या’ निघाल्या. १९३१ साली ब्रिटिश संशोधकांनी असा रोग असल्याचा पुरावा नाही म्हणून सांगितले. तरी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात हा उपचार १९५७पर्यंत चालू होता. १९५० साली डफी आणि फिट्झगेराल्ड यांनी थायरॉइडचा कर्करोग झालेली मुले पाहिली, तेव्हा त्यांतल्या अनेकांवर बाळपणी हे किरण सोडले गेल्याचे आढळले. थायरॉइड गळ्यात, थायमसच्या लगेच वर; किरणांना शेजार कसा कळावा?

ग्रंथीचे काम कळले ते १९६१ साली. लंडनमध्ये जाक मिलर उंदरांच्या रक्तकर्करोगावर काम करीत होते. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांची थायमस त्यांनी काढली. पिल्ले काही आठवड्यांनी रोडावली, जंतूंना बळी पडू लागली, त्यांच्या रक्तात लसीकापेशी कमी झाल्या, आणि परक्या उंदराचे कातडे लावले तरी अंगाने ते नाकारले नाही. आपले-परके ओळखणाऱ्या पेशी इथेच तयार होतात. त्यांतल्या बहुतेक इथेच मरतात, निवडक तेवढ्या बाहेर पडतात. तरीही १९६३ साली, नोबेल मिळालेल्या पीटर मेडावार यांना त्या ग्रंथीतल्या लसीकापेशी म्हणजे उत्क्रांतीतला एक बिनमहत्त्वाचा अपघात वाटत होता.

आजही तान्ह्या मुलाच्या हृदयाची शस्त्रक्रिया करताना ती वाटेत येते, म्हणून बहुधा कापून काढतात. प्रौढांत तर ती निरुपयोगीच, असा समज होता. २०२३ साली बॉस्टनच्या संशोधकांनी थायमस काढलेल्या प्रौढांची तुलना छातीची तशीच शस्त्रक्रिया झालेल्या पण थायमस शाबूत असलेल्यांशी केली. पाच वर्षांत पहिल्या गटातले शंभरांत आठ गेले, दुसऱ्यातले तीनही नाहीत.