ओकेनाइट : साष्टींतील एका शुभ्र पाषाणाचा आकर

मुंबईच्या उत्तरेस साष्टी बेटांत गोरेगांव, मालाड, कांदिवली या पट्ट्यांत काळ्या दगडाच्या खाणी पूर्वीं पुष्कळ होत्या. तेथील खडी सडकांच्या व इमारतींच्या कामीं लागे. सुरुंगानें दगड फुटला म्हणजे त्याच्या पोटांतील पोकळींत कधीं कधीं पांढऱ्या शुभ्र गुंड्यासारखा एक पदार्थ दृष्टीस पडे. पाहणारास वाटावें, कोणीं सांवरीच्या कापसाचा बोळा आंत ठेवून दगड पुन्हा सांधला आहे. हा कापूस नव्हे, बुरशीही नव्हे. तो पाषाणच होय. खनिजशास्त्रांत त्यास ओकेनाइट म्हणतात. आमच्या वाचकांचा व्यवहार पोथ्यांशीं, ताम्रपटांशीं व नाण्यांशीं. त्यांच्यापुढें दगडाचें प्रकरण कां मांडावें, अशी शंका येणें रास्त आहे. तूर्त एवढेंच सांगतों कीं, या पाषाणाचा एक नमुना आमच्या संग्रहीं आहे आणि त्याच्या बाबतींत आमच्या हातून एक प्रमाद घडलेला आहे.

या खनिजाचें पहिलें वर्णन फ्रान्झ फॉन कोबेल या जर्मन पंडितानें १८२८ सालीं केलें. त्याच्यापुढील नमुना ग्रीनलंडच्या किनाऱ्यालगतच्या डिस्को बेटांतील होता, आणि नांव दिलें तें लोरेन्झ ओकेन या निसर्गतत्त्ववेत्त्याचें. (ओकेनचें मूळ आडनांव ओकेनफुस, तें त्यानें स्वतःच तोडून आखूड केलें. तेव्हां दगडाच्या वांट्यास अर्धेंच नांव आलें.) चुन्यांतील कॅल्शियम, वाळूंतील सिलिका आणि पाणी हीं याचीं घटकद्रव्यें. पाण्याच्या सुमारें २.३ पट याचें वजन. काठिण्य मोहच्या मापानें ४.५ ते ५. परंतु हा आंकडा वाचून कोणीं फसूं नये. याचे स्फटिक केसाहून बारीक तंतूंच्या रूपानें एका मध्यबिंदूपासून सर्व बाजूंस वाढतात, आणि ते तंतू मोडण्याऐवजीं वांकतात. बोट लागलें कीं जागा दबते व दबलेली राहते. धूळ बसली म्हणून पाण्यानें धुवावा तर तंतू एकमेकांस चिकटून बसतात. जीर्ण भूर्जपत्रास जपावें तसें यास जपावें लागतें.

पुष्कळ लोक यास झिओलाइटांच्या वर्गांत घालतात, तें यथार्थ नाहीं. झिओलाइट हें नांव क्रोन्स्टेड्ट या स्वीडिश विद्वानानें १७५६ सालीं ग्रीक शब्दांवरून बनविलें. फुंकनळीच्या ज्वाळेंत धरिला असतां जो फसफसतो, तो ‘उकळता दगड’. आम्ही त्यास क्वथनाश्म म्हणूं. खऱ्या क्वथनाश्मांत ॲल्युमिनियम हा घटक अवश्य असतो. ओकेनाइटाच्या घडणींत त्यास स्थान नाहीं. तथापि एकाच पोकळींत दोघे एकत्र नांदतात, म्हणून हा घोटाळा. ओकेनाइट हा त्यांचा शेजारी आहे, सगोत्र नव्हे. त्याचा जवळचा सोबती म्हणजे जायरोलाइट. तोही कॅल्शियम व सिलिका यांचाच. त्याचें वर्णन टॉमस अँडरसन यानें १८५१ सालीं स्कॉटलंडच्या स्काय बेटांतील नमुन्यावरून केलें.

ग्रीनलंड, स्काय आणि साष्टी या तिन्हीं स्थळांत हिंवाळा सारखा नाहीं, पण खडक एका जातीचा आहे. लाव्हा थिजतांना त्यांत वायूचे बुडबुडे कोंडतात; मागाहून ऊन पाणी भेगांतून फिरूं लागतें, खडकांतील द्रव्यें विरघळवितें आणि त्या रिकाम्या कोठड्यांत निक्षेप करितें. दख्खनचा मुख्य लाव्हा सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींचा. अंधेरीचा गिल्बर्ट टेकडीचा स्तंभाकार खडक त्याहून अलीकडचा, सुमारें सहा कोटी वर्षांचा ठरला आहे. मुंबईच्या बाजूस कांहीं ठिकाणीं लाव्हा उथळ पाण्यांत वाहत गेला व त्याच्या उशांसारख्या गोलाकार राशी झाल्या. त्यांच्यामधील पोकळ्या ही अशा खनिजांची मोठी वसतिस्थानें. भारतीय भूगर्भ खात्याचे क्रिस्टी यांनीं १९२५ च्या सुमारास मुंबईच्या जायरोलाइट व ओकेनाइट यांवर निबंध प्रसिद्ध केला. पुढें १९७४ सालीं प्रा. सुखेश्वाला व त्यांचे सहकारी यांनीं पश्चिम भारतांतील अशा खनिजांचा एकत्र विचार केला. ज्यांस रसायनाचा तपशील हवा त्यांनीं ते निबंध पाहावे.

आमचा विषय येथून पुढें सुरू होतो. आमच्या रत्नशास्त्रांत ओकेनाइटाचा उल्लेख नाहीं, व तो नसावा हेंच स्वाभाविक आहे. जो दगड घांसतां येत नाहीं, अंगठींत बसत नाहीं, त्यास रत्नपरीक्षक काय किंमत देणार? परंतु त्या शास्त्रकारांची एक शिस्त घेण्याजोगी आहे. रत्नाचे वर्ण, गुण व दोष यांच्याबरोबर ते त्याचा आकर, म्हणजे उत्पत्तिस्थान, सांगतात. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत हिऱ्याचे आकर सांगतांना वेणातट, कोशल, सौराष्ट्र यांच्या जोडीस सौर्पारक घातला आहे आणि तेथील हिरा काळा म्हटला आहे. शूर्पारक म्हणजे आजचें नालासोपारें. गोरेगांवाहून लोकलनें तासाच्या आंत गांठतां येतें. तेथील भूमि लाव्हाची; हिरा ज्या खडकांत उपजतो तो खडक तेथें नाहीं. मग हा आकर आला कोठून? सोपारें हें प्राचीन बंदर होतें. १८८२ सालीं भगवानलाल इंद्रजी यांनीं तेथील स्तूप उकरला, त्याच सालीं अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडाही तेथें उजेडांत आला. आमचें मत असें कीं, दूरच्या खाणींतला हिरा या बंदरांत विकला जाई आणि विकत घेणारानें पेठेचें नांवच खाणीचें म्हणून लिहून ठेवलें. गरुडपुराणाच्या छापील पाठांत याच स्थळीं ‘सौवीर’ आढळतें. दोन अक्षरें फिरलीं आणि हिरा कोंकणांतून सिंधूच्या तीरीं गेला! पाठभेदांशीं झगडणारांस यांत नवल वाटूं नये.

असाच प्रकार अलीकडेही झाला आहे. १८३१ सालीं हेन्री ब्रूक या इंग्रज खनिजज्ञानें पुण्याहून आलेल्या सुईसारख्या स्फटिकांस नवें खनिज समजून ‘पूनालाइट’ असें नांव दिलें. पाऊणशें वर्षें तें नांव ग्रंथांत राहिलें. १९०९ सालीं बोमन यानें दाखविलें कीं, हें मेसोलाइट नांवाचें आधींच ठाऊक असलेलें क्वथनाश्म होय. पुण्याचें नांव यादींतून गळालें. पुढें दख्खनचे दगड देशोदेशींच्या संग्रहांत गेले ते पुष्कळदां ‘पूना’ किंवा ‘बॉम्बे’ एवढ्याच चिठ्ठीनें. त्यांतील कोणता वाघोलीचा, कोणता जळगांवचा, कोणता मालाडचा हें नुसत्या चिठ्ठीवरून कळत नाहीं. पुण्याजवळील वाघोलीच्या निळ्या कॅव्हन्साइटाचें दैव चांगलें. त्याचा रंगच त्याची पुष्पिका आहे. पांढऱ्या दगडास तसा आधार नाहीं.

आतां आमचा प्रमाद. १९९१ सालीं, आम्ही गोरेगांवांत संस्कृत शिकवीत असतां, एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं आम्हांस हा दगड आणून दिला. ते खाणींत सुरुंगाच्या कामावर होते. बिस्किटांच्या डब्यांत, वर्तमानपत्राच्या घड्यांमध्यें, त्यांनीं तो तान्ह्या मुलासारखा आणिला. दारांत उभे राहूनच कोणत्या खाणीचा, किती खोलीवरचा, सोबत काय निघालें हें त्यांनीं सांगितलें. आम्हीं ऐकलें, चहा दिला, आणि लिहिलें कांहींच नाहीं. जे आम्ही पुष्पिका न उतरतां पोथी परत करणाऱ्या विद्यार्थ्यांवर रागावत असूं, त्या आम्हांस एक चिठ्ठी डब्यांत टाकावी असें सुचलें नाहीं! एका मुलानें कुतूहलानें बोट लाविलें त्याचा खळगा मात्र दगडावर अद्यापि आहे. त्याची तारीखही आम्हांस आठवते, कारण त्या दिवशीं आमची वार्षिक तपासणी होती.

पुढें एका अभ्यासकानें नमुना पाहून पहिलाच प्रश्न केला, ‘खाण कोणती?’ आमच्या स्मरणाप्रमाणें गोरेगांवच्या पूर्वेकडील डोंगराची. आमच्या घरांतून मात्र ठामपणें मालाड सांगतात. दगड देणारे गृहस्थ निवर्तले. ज्या दोन खाणींचा संशय, त्या दोन्हीं बुजून वर इमारती उभ्या आहेत. एका स्नेह्यानें सुचविलें कीं, गोरेगांव हें नांवच या गोऱ्या दगडावरून पडलें असावें, तेव्हां शंका कशाला? असल्या व्युत्पत्तीनें आकर ठरत नसतो. सरकारी दप्तरांत या गांवाची नोंद ‘पहाडी गोरेगांव’ अशी आहे. पहाड होता एवढें तीवरून निघेल, अधिक नाहीं.

आम्हीं आतां चिठ्ठी लिहून डब्यांत ठेविली आहे ती अशी: ‘ओकेनाइट. साष्टी. गोरेगांव अथवा मालाड, निश्चय नाहीं. सन १९९१. दाता खाणकामगार. स्थळ त्यानें सांगितलें होतें. नोंद घेणाराकडून राहिली.’ ज्या सभासदांच्या घरीं जुन्या कपाटांत साष्टींतील असे दगड असतील आणि त्यांबरोबर खाणीच्या नांवाचा, पावतीचा वा पत्राचा एखादा कागद असेल, त्यांनीं त्या कागदाची नक्कल आम्हांस पाठवावी. दगड पाठवूं नये. टपालांत तो टिकणार नाहीं.