भयाचा व्यापार आणि त्याचा हिशेब

अमेरिकेंतील टेक्सस राज्यांत ऑस्टिन नांवाचें शहर आहे. तेथें गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत अ‍ॅलेक्स जोन्स नांवाचा एक तरुण स्थानिक दूरचित्रवाणीवर व रेडिओवर बोलूं लागला. घसा फाडून बोलणें आणि प्रत्येक अनर्थामागें सरकारचा कट दाखविणें ही त्याची हातोटी. १९९९ सालीं रेडिओवरील नोकरी सुटल्यावर त्यानें ‘इन्फोवॉर्स’च्या नांवानें इंटरनेटवर आपलें बस्तान बसविलें.

ऐकण्याबद्दल श्रोत्यांस दाम पडत नसे. दाम पडे तो पुढें. जगबुडी जवळ आली असें ऐकून धास्तावलेल्या माणसास तेथेंच शक्तिवर्धक औषधें, पाणी गाळण्याचीं यंत्रें आणि वर्षानुवर्षें टिकणारें कोरडें अन्न विकत मिळे. जत्रेंतला वैदू आधीं सापाची भीति घालतो व मग मुळी विकतो, त्यांतलाच हा प्रकार. मात्र ही जत्रा रात्रंदिवस भरलेली.

१४ डिसेंबर २०१२ रोजीं कनेक्टिकट राज्यांतील न्यूटाऊन गांवीं, सँडी हूक प्राथमिक शाळेंत, एका बंदूकधाऱ्यानें २० बालकें व शाळेंतील ६ स्त्रिया यांना ठार मारलें. हें हत्याकांडच बनावट आहे, रडणारे आईबाप भाडोत्री नट आहेत, असें जोन्स पुढें कित्येक वर्षें सांगत राहिला. ज्यांनीं तें खरें मानलें त्यांनीं त्या आईबापांना धमक्या दिल्या. कांहींना घरें बदलावीं लागलीं. ज्या मुलाला आपल्या हातांनीं पुरलें तें कधीं जन्मलेंच नव्हतें, हें परक्यांच्या तोंडून ऐकण्याची पाळी त्यांच्यावर आली.

२०१८ सालीं या कुटुंबांनीं अब्रुनुकसानीचे दावे लावले. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें अ‍ॅपल, फेसबुक व यूट्यूब यांनीं जोन्सला बाहेर काढलें. तरी त्या वर्षीं कांहीं दिवशीं त्याची विक्री ८ लाख डॉलरपर्यंत गेली होती, हें पुढें न्यायालयांत उघड झालें. भाषणस्वातंत्र्याची ढाल त्यानें पुढें केली खरी. परंतु कागदपत्रें हजर करण्याचे हुकूम न पाळल्यामुळें २०२१ सालीं दोन्ही राज्यांतील न्यायाधीशांनीं त्याला परस्पर जबाबदार धरलें, आणि ज्यूरीपुढें प्रश्न उरला तो केवळ रकमेचा. ऑगस्ट २०२२ मध्यें टेक्ससच्या ज्यूरीनें सुमारें ४ कोटी ९३ लाख डॉलर ठरविले. ऑक्टोबरांत कनेक्टिकटच्या ज्यूरीनें ९६ कोटी ५० लाख. नोव्हेंबरांत तेथील न्यायाधीशानें दंडादाखल ४७ कोटी ३० लाखांची भर घातली. जोन्स व त्याची कंपनी मिळून फार तर २७ कोटींची आसामी, असा अंदाज एका अर्थशास्त्रज्ञानें साक्षींत दिला होता!

डिसेंबर २०२२ मध्यें जोन्सनें दिवाळखोरीचा आश्रय घेतला. सामान्य ऋणको त्या वाटेनें सुटतो. परंतु बुद्धिपुरस्सर व द्वेषानें केलेल्या इजेची भरपाई अमेरिकन कायदा त्या वाटेनें बुडूं देत नाहीं. त्यामुळें ऑक्टोबर २०२३ मध्यें १ अब्ज १० कोटींहून अधिक बोजा न्यायाधीशानें कायम ठेवला. पुढें अपिलांत १५ कोटी कमी झाले. ऑक्टोबर २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्याचें गाऱ्हाणें ऐकण्यास नकार दिला. तोंवर त्या आईबापांच्या पदरीं निकालाचा एक डॉलरही पडला नव्हता, आणि जोन्स बोलतच होता.