ओमचा नियम : सूत्रातून गळालेले एक पद

विद्युतधारा ही विभवांतराच्या समप्रमाणात आणि रोधाच्या व्यस्त प्रमाणात असते, हे विधान शालेय पाठ्यपुस्तकांत इतक्या सहजपणे येते की त्याचा कर्ता प्रथम वेगळ्याच निष्कर्षाला पोहोचला होता, याची वाचकाला कल्पनाही येत नाही. प्रस्तुत लेखात या पहिल्या निष्कर्षाचा आणि त्याच्या दुरुस्तीचा विचार करावयाचा आहे.

जॉर्ज सायमन ओम (१७८९–१८५४) हा एका कुलूप बनविणाऱ्या कारागिराचा मुलगा. कोलोन येथील शाळेत गणित व भौतिकी शिकवीत असताना १८२५ मध्ये त्याने तारेची लांबी वाढविल्यास प्रवाहाचा चुंबकीय परिणाम किती घटतो, हे मोजले. हाती आलेले सूत्र लॉगॅरिथमच्या स्वरूपाचे होते. निरीक्षणे प्रामाणिक होती. दोष विद्युतघटाचा होता. मंडल जोडताच घटाची शक्ती ढळू लागे, त्यामुळे तारेचा परिणाम कोणता आणि घटाचा कोणता, हे वेगळे करता येत नसे.

पोगेनडोर्फ या संपादकाने त्याला घटाऐवजी तपयुग्म वापरण्याचे सुचविले. दोन भिन्न धातूंच्या सांध्यांतील तापमानाच्या फरकाने विद्युतधारा वाहते, हा झेबेकचा शोध तेव्हा जेमतेम चार-पाच वर्षांचा होता. ओमने बिस्मथ व तांबे यांचे युग्म घेऊन एक सांधा उकळत्या पाण्याच्या, तर दुसरा बर्फाच्या तापमानावर ठेवला. २ इंचांपासून १३० इंचांपर्यंत लांबीच्या आठ तांब्याच्या तारा त्याने आळीपाळीने मंडलात घातल्या. धारेने विचलित झालेली चुंबकसूची मूळ जागी आणण्यासाठी टांगणीला किती पीळ द्यावा लागतो, यावरून धारा मोजली.

१८२६ मध्ये मांडलेले सूत्र असे : धारा = अ ÷ (ब + क्ष). येथे ‘क्ष’ ही तारेची लांबी, ‘अ’ ही उगमाची प्रेरणा आणि ‘ब’ हा मंडलाच्या उर्वरित भागाचा, म्हणजे प्रत्यक्ष उगमाचाही, रोध. निरनिराळ्या दिवशींच्या निरीक्षणांत ‘अ’चे मूल्य ७२८५ वरून ६८०० पर्यंत उतरले, ‘ब’ मात्र सुमारे २०¼ इंचांवर स्थिर राहिला. आमच्या मते ओमचे खरे यश या स्थिर पदात आहे. उगमसुद्धा मंडलाचाच एक भाग असून त्यालाही रोध असतो, हे त्यातून प्रथमच आकड्यांत दिसले. पाठ्यपुस्तकी सूत्रात नेमके हेच पद गळाले आहे.

आणखी एक बाब नोंदवावीशी वाटते. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत या नियमाचा पडताळा ज्या फिरत्या कुंडलाच्या व्होल्टमीटरने घेतला जातो, तो मुळात धाराच मोजतो. तिचे व्होल्टमध्ये रूपांतर करणारी पट्टी याच नियमावर आखलेली असते. जे सिद्ध करावयाचे तेच तेथे गृहीत असते. ओमच्या मांडणीत ही पळवाट नव्हती.

१८२७ मध्ये बर्लिन येथे प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ओमने फूरिएच्या उष्णतावहनाच्या सिद्धांताच्या धर्तीवर या साऱ्याला गणिती रूप दिले. जर्मनीत त्याचे स्वागत थंडपणेच झाले. पोल या भौतिकीतज्ज्ञाने तर कठोर टीका केली. अपेक्षित प्राध्यापकपद मिळाले नाही आणि कोलोनची नोकरीही सुटली. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत त्याला जागा मिळाली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये कोप्ली पदक दिले, ते तारायंत्राच्या उभारणीमुळे लांब तारांच्या रोधाचा प्रश्न व्यवहारात उभा राहत असताना. म्युनिक विद्यापीठातील प्रायोगिक भौतिकीचे अध्यासन त्याच्याकडे आले ते १८५२ मध्ये, मृत्यूच्या दोनच वर्षे आधी.