औषध ते पेशंट

तर झालं असं, की ऑनसाइटला आल्यापासून माझे शनिवार-रविवार कपडे धुणे, इंडियन स्टोअर आणि झोप या तीन गोष्टींतच संपायचे. गेल्या महिन्यात मात्र एक अख्खा आठवडा मी एका माशाची नर्सगिरी केली. मासा म्हणजे समुद्रघोडा, सी-हॉर्स. हो हो, तो मासाच! कल्ले आहेत, पर आहेत, फक्त खवले नाहीत. त्यांच्याऐवजी कातडीखाली हाडांच्या कड्यांचं चिलखत.

माझ्या टीममधल्या एका अमेरिकन सहकाऱ्याच्या घरी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. त्यातल्या 'बिस्किट' नावाच्या नराची शेपटी पंपात ओढली गेली. पंपाच्या तोंडावरचा स्पंज साफ करायला काढला आणि परत लावायचा राहिला, एवढीच चूक. (आपण प्रॉडक्शनवर असलं काही केलं तर निदान रोलबॅक तरी असतो.) टोकाची कातडी सोलली आणि आतलं पांढरं हाड दिसायला लागलं. नेमके त्याच दिवशी त्याचे वडील हॉस्पिटलमध्ये दाखल झाले. तो दुसऱ्या राज्यात निघाला आणि घराची किल्ली माझ्या हातात आली.

सोबत सूचनांचा कागद होता. बिस्किट वेगळ्या छोट्या टाकीत. पाणी नेहमीपेक्षा थंड, कारण जखमेतले जिवाणू गरम पाण्यात भराभर वाढतात. डॉक्टरने दिलेलं अँटिबायोटिक पाण्यात, आणि रोज पाणी बदलणे. दिवसातून किमान तीनदा खाणं, कारण समुद्रघोड्याला जठरच नसतं. खाल्लेलं सरळ पुढे जातं, साठा काही होत नाही. म्हणजे पेशंट जखमेच्या आधी उपासमारीने जायचा! पकडायला एक प्लास्टिकचं रोपटं मात्र हवंच. शेपटी हाच त्याचा हात. दुखावलेल्या शेपटीने धरता येत नव्हतं, म्हणून बिचारा तळाशी आडवा पडून होता.

त्याला एकेक कोळंबीसारखा बारीक जीव ड्रॉपरने भरवताना बराच वेळ हातात होता. म्हटलं, माणसाने समुद्रघोड्यावर उपचार करायला सुरुवात कधी केली असेल? शोधायला गेलो आणि सापडलं भलतंच. जवळजवळ दोन हजार वर्षं हा प्राणी पेशंट नव्हताच. तो औषध होता.

पहिल्या शतकात ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस आणि रोमन लेखक प्लिनी या दोघांनीही समुद्रघोडा जाळून त्याची राख चरबीत कालवून टकलावर लावायला सांगितली आहे. (आमच्या टीममध्ये ही माहिती जपून वापरावी लागेल.) तिकडे चीनमध्ये ली शिझेनच्या १५९६ साली छापल्या गेलेल्या प्रचंड औषधीग्रंथातही समुद्रघोडा आहे, आणि चिनी वैद्यकात तो आजतागायत टिकून आहे. हा व्यापार केवढा, हे जगाला कळलं ते थेट १९९६ मध्ये. अमांडा व्हिन्सेंट या संशोधिकेच्या अहवालाचा अंदाज होता, १९९५ या एका वर्षात किमान दोन कोटी समुद्रघोडे. मोठ्या निर्यातदारांत भारतही होता. आपल्याकडचा माल मुख्यतः तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचा. तिथे याला 'कडल कुदिरै' म्हणतात. शब्दशः समुद्रघोडाच.

आता काचेच्या टाकीची गोष्ट. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली 'फिश हाउस' उघडलं. पुढच्याच वर्षी फिलिप गॉस याचं 'द अक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि घरोघरी टाक्यांचं वेड पसरलं. समुद्रापासून लांब राहणाऱ्यांसाठी क्षार मिसळून खारं पाणी बनवायची कृतीसुद्धा याच गॉसने १८५४ मध्ये दिली. पण समुद्रातला मासा टाकीत ठेवणं वेगळं आणि जगवणं वेगळं. १९५०-६० च्या दशकांत अमेरिकेत मुलांच्या कॉमिक्समध्ये जिवंत समुद्रघोड्यांच्या जाहिराती असायच्या. पैसे पाठवा, फ्लोरिडातून टपालाने जोडी घरपोच! त्यातले बहुतेक लवकरच मरायचे. मेले की दुसरे मागवा. जखमी समुद्रघोड्यावर उपचार हा प्रश्नच येत नव्हता. खेळणं मोडलं म्हणून डॉक्टरकडे कोण नेतं?

मरायची कारणं आज साधी वाटतात. पकडून आणलेल्या समुद्रघोड्याला मेलेलं अन्न हे अन्नच वाटत नाही, तो हलणारीच शिकार ओढून घेतो. जिवंत म्हणून मिळायची ती आर्टेमिया, तिच्यात पुरेसं पोषण नाही. शिवाय तो पोहण्यात कच्चा, त्यामुळे टाकीतले चपळ मासे त्याच्या तोंडचा घास पळवतात. हे सगळं कळायला आणि सुधारायला विसावं शतक संपत आलं. १९९८ मध्ये हवाईतल्या कोना इथे 'ओशन रायडर' ही समुद्रघोड्यांची शेती सुरू झाली. टाकीतच जन्मलेले, लहानपणापासून गोठवलेलं अन्न खायला शिकलेले समुद्रघोडे विकत मिळू लागले. बिस्किट असाच टाकीत जन्मलेला.

कायदेही याच सुमारास आले. भारताने २००१ मध्ये समुद्रघोड्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं. साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराने २००२ मध्ये व्यापारावर नियंत्रण आणायचं ठरवलं आणि ते मे २००४ पासून लागू झालं. (तेव्हा हे वाचून कोणी भारतात घरी पाळायच्या भानगडीत पडू नका.)

असो. पेशंटकडे वळू. पाचव्या दिवशी संध्याकाळी बघतो तर बिस्किट उलटा तरंगतोय! शेपटीवर कातडीखाली बारीक बुडबुडे. माझं धाबं दणाणलं. समुद्रघोड्यांना होणारा हा नेहमीचा आजार, वायूचे फुगे. डॉक्टरला फोन केला, तिने औषधाचं नाव सांगितलं: अ‍ॅसिटाझोलामाइड. म्हणजे डायमॉक्स! लेहला जाताना आपण विरळ हवेसाठी घेतो तीच गोळी. १९५४ पासून ती काचबिंदूवर वापरात आहे. शरीरात कार्बन डायऑक्साइडपासून आम्ल बनवणारं एक विकर असतं, ते ही गोळी अडवते. माशांच्या शरीरात रक्तातला वायू बाहेर पडायला हेच विकर मदत करतं. ते अडलं की नवे फुगे बनायचे कमी होतात. माणसासाठी बनलेलं औषध, आणि ते घेणारा पेशंट स्वतः दोन हजार वर्षं माणसाचं औषध. डॉक्टरने सांगितलेलं माप मी तीनदा तपासून घेतलं.

दोन दिवसांनी फुगे ओसरले. सातव्या दिवशी सकाळी तो सरळ उभा होता, शेपटीचा उरलेला भाग प्लास्टिकच्या रोपट्याला गुंडाळून. टोक गळून पडलं, पण जखम भरायला लागली होती. फोटो पाठवला तेव्हा माझा सहकारी वडिलांच्या खाटेशेजारी बसलेला होता. त्याचं उत्तर आलं, "इकडेही आज बरं आहे."

त्या रात्री आईला फोनवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अरे, आपल्या शोकेसमध्ये नाही का एक?" मी विसरूनच गेलो होतो. बाबांनी १९९५ च्या रामेश्वर ट्रिपमध्ये शंख-शिंपल्यांच्या दुकानातून आणलेला, वाळलेला समुद्रघोडा. लहानपणी मी त्याला गणपतीच्या आराशीत ठेवायचो. दोन कोटी १९९५ मध्ये, म्हणजे त्यातला एक आमच्या घरी.

मी तिला सांगितलं, चष्मा लावून बघ, पोटाच्या खाली, शेपटी सुरू होते तिथे पिशवी दिसते का. समुद्रघोड्यांत पिल्लं नर वाढवतो, त्या पिशवीत. ती शोकेसपाशी गेल्याचा आवाज आला, मग थोडा वेळ काहीच नाही.

"आहे रे," ती म्हणाली. "चांगली फुगलेली दिसते."