पाबळच्या माळावरची कार्यशाळा

पाबळ म्हटलं की पुण्याकडच्या माणसाला आधी मस्तानी आठवते. तिची कबर या गावात आहे, आणि तिच्यावरच्या चित्रपटानंतर ती बघायला येणाऱ्यांची संख्याही वाढली. गाव शिरूर तालुक्यातलं, राजगुरुनगरहून शिरूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, पाऊस कमी असलेल्या पट्ट्यातलं. याच गावाची दुसरी ओळख आमच्या तालुक्यातसुद्धा फार थोड्यांना ठाऊक आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या, म्हणजे एमआयटीच्या बाहेर जगातली पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची खुली कार्यशाळा, सुरू झाली ती इथं, २००२ साली. बोस्टनच्या वस्तीतली, घानामधली, नॉर्वेतली, या सगळ्या तिच्या नंतरच्या.

माझ्या वडिलांचं, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, याच भागात वेल्डिंग-फॅब्रिकेशनचं दुकान होतं. ग्रील, चौकटी, बैलगाडीची धाव, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा तुटलेला हूक. आणि नव्वदच्या दशकात मी ज्या शाळेत शिकले तिथं पाबळहून आलेला ‘मूलभूत तंत्रज्ञान’ हा विषय आठवड्यातून एक दिवस असे. त्यामुळे हा इतिहास मी शेजारघरचा म्हणून सांगते आहे.

अशा कार्यशाळांमागच्या मेकर चळवळीची गोष्ट सांगताना बहुतेक जण कॅलिफोर्नियापासून सुरुवात करतात. २००५ मध्ये ‘मेक’ हे मासिक निघालं, २००६ मध्ये सॅन मॅटिओला पहिला मेकर फेअर भरला, त्याच वर्षी मेन्लो पार्कमध्ये ‘टेकशॉप’ उघडलं. वर्गणी भरा, आत या, लेथ वापरा, लेसर कटर वापरा, हवं ते बनवा. लागणारी वस्तू आपण स्वतः करायची, महागडी यंत्रं दहा जणांनी मिळून वापरायची आणि जे जमलं ते दुसऱ्याला मोकळेपणानं दाखवायचं, एवढंच या चळवळीचं सार आहे आणि ते मला मनापासून पटतं. पण २००५ पासून सुरुवात केली तर तिची अर्धी वाट दिसेनाशी होते.

त्याआधीचं एक पान ब्रिटनमध्ये आहे. विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या लुकास एरोस्पेस या कंपनीत कामगारकपातीचं संकट आलं, तेव्हा कामगारांच्या प्रतिनिधींनी १९७६ साली एक योजनाच मांडली. आमच्या हातात कसब आहे, यंत्रं आहेत. लढाऊ विमानांचे भाग नको असतील तर आम्ही उष्णता-पंप करू, मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी यंत्रं करू, पवनचक्क्या करू. सुमारे दीडशे वस्तूंची यादी होती. व्यवस्थापनानं ती नाकारली. या योजनेतला एक प्रमुख माणूस म्हणजे माइक कूली. त्याला १९८१ मध्ये नोकरीवरून काढण्यात आलं. पुढे ग्रेटर लंडन कौन्सिलनं त्याच विचारातून १९८३ च्या सुमारास शहरात ‘टेक्नॉलॉजी नेटवर्क’ नावाच्या खुल्या कार्यशाळा काढल्या. वस्तीतल्या कुणीही यावं, यंत्रावर काम करावं, विद्यापीठातल्या तंत्रज्ञाचा सल्ला घ्यावा. १९८६ मध्ये सरकारनं ती कौन्सिलच बरखास्त केली. आधारच गेल्यावर त्या कार्यशाळाही फार तगल्या नाहीत.

ज्या १९८३ मध्ये लंडनमध्ये हे चाललं होतं, त्याच वर्षी डॉ. श्रीनाथ कलबाग पाबळला येऊन राहिले. अमेरिकेत डॉक्टरेट केलेला, हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रात अभियांत्रिकी विभागाचा प्रमुख असलेला माणूस. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या आसपास ती नोकरी सोडून, पत्नी मीराताईंसह, दुष्काळी गावाच्या माळावर. ‘विज्ञान आश्रम’ हे पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचं केंद्र म्हणून उभं राहिलं. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक यांची ही संस्था. कलबागांनी पाबळ निवडलं ते गावात काही विशेष होतं म्हणून नाही. देशातल्या असंख्य गावांसारखंच ते होतं, आणि इथं जमलं तर इतरत्रही जमेल, हा त्यांचा हिशेब.

त्यांचा मूळ प्रश्न शाळेचा होता. पोरं नापास का होतात, आणि पास झालेल्यांना काही करता का येत नाही? गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत नई तालीम मांडली तेव्हा हाच प्रश्न होता आणि उत्तर उत्पादक हातकामाचं होतं. पुढच्या काही दशकांत बहुतेक शाळांमध्ये त्याचं काय झालं ते माझ्या पिढीनं पाहिलं आहे. कार्यानुभवाच्या तासाला खडू आणि लोकरीची फुलं, तीही वर्षाअखेरीला गुण भरण्यापुरती. ती फुलं कुणाला नको होती. हे मला फार दुःखद वाटतं, कारण मुलाला ते लगेच कळतं. आपल्या हातच्या कामाची कुणाला गरज नाही, हे आठवीतल्या पोराला सांगावं लागत नाही.

कलबागांनी ‘मूलभूत तंत्रज्ञान’ या विषयाची मांडणी चार भागांत केली. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य, शेती-पशुपालन. मुलगा असो वा मुलगी, चारही भाग सगळ्यांना. शिकवायला शक्यतो गावातलाच, ते काम करून पोट भरणारा माणूस. आणि शिकण्यासाठी जे करायचं ते शक्यतो कुणीतरी मागितलेलं असावं. शाळेचं कुंपण, अंगणवाडीचं टेबल, एखाद्याच्या गोठ्याचं फाटक. हे शेवटचं कलम माझ्या मते सगळ्यात मोलाचं.

माझं पहिलं वेल्डिंग अशाच एका फाटकाचं. बारा नंबरचा रॉड, पंचवीसचा अँगल. आमच्या निदेशकांनी आधी गुण्या हातात दिला आणि कोन काटकोनात आहे का ते बघायला लावलं, मग कर्ण मोजायला. दोन्ही कर्ण सारखे आले तरच टाके मारायचे. पायथागोरस मला तिथं भेटला. गणिताच्या वहीत तो त्यानंतर आला. रॉड टेकवला की चिकटायचा, ओढला की ठिणगी विझायची. अंतर बरोबर राहिलं की तव्यावर फोडणी बसल्यासारखा एकसंध तडतडाट येतो, आणि तो आवाज एकदा कानात बसला की हात त्याच्यामागून चालतो. चिपिंग हातोडीनं वरची काळी साल पाडली की खाली टाका कसा पडलाय ते दिसतं. तिथं लपवाछपवी चालत नाही. घरी सांगितलं तेव्हा अण्णा आधी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी गोठ्याकडे जाऊन त्यांनी बिजागरीला स्वतः हिसका देऊन पाहिला, आणि मग म्हणाले, “पोरी, बिजागरीपाशी दुहेरी टाका मार. भार तिथं येतो.” गावात काही जणांनी नाकं मुरडली, पोरीच्या जातीला काय करायचंय वेल्डिंग म्हणून. फाटक मात्र लागलं, आणि त्याचे पैसे शाळेच्या खात्यात जमा झाले. त्याआधी आम्ही कॉस्टिंग केलं होतं. लोखंड किती किलो, भाव काय, रॉड किती, वीज किती, मजुरी किती.

मुलं चपात्या लाटायला आणि भाज्या वाळवायला शिकली. गृह-आरोग्याच्या तासाला रक्तगट तपासणी होती. काचपट्टीवर रक्ताचे दोन थेंब, एकावर अँटी-ए, दुसऱ्यावर अँटी-बी, काडीनं हलकेच ढवळायचं आणि गुठळ्या कुठं होतात ते पाहायचं. दोन्हीकडे झाल्या तर एबी, कुठंच नाही झाल्या तर ओ. गावातल्या बायका स्वतःचा रक्तगट पहिल्यांदा आम्हा पोरींकडून ऐकत होत्या. मेकर चळवळीच्या पुस्तकांत रोबो आणि ड्रोन भरपूर असतात. ही काचपट्टी क्वचितच दिसते.

पाबळच्या माळावरचे घुमट लांबूनही ओळखू येतात. त्रिकोण जोडून केलेला लोखंडी सांगाडा, त्यावर जाळी आणि सिमेंटचा गिलावा. त्रिकोण दाबला तरी त्याचा आकार मोडत नाही, म्हणून थोड्या लोखंडात मजबूत छप्पर होतं. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात दगडमातीच्या घरांनी माणसं गाडली, त्यानंतर अशा हलक्या बांधकामाचं महत्त्व आमच्याकडे सगळ्यांनाच उमगलं. या रचनेतल्या एका सोप्या प्रकारात दोनच लांबीचे तुकडे लागतात. ३० आखूड, ३५ लांब, आणि २६ सांधे. व्यास वीस फूट धरला तर आखूड तुकडा ५ फूट साडेपाच इंच आणि लांब तुकडा ६ फूट २ इंच. दोघांना वेगवेगळे रंग द्यायचे, पाच आखूड तुकडे जिथं मिळतात ते सांधे आधी ओळखायचे, की बाकीचा घुमट आठवी-नववीची पोरंही नटबोल्ट लावून उभा करू शकतात. आम्ही आधी तो काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचा केला होता. ही युक्ती अरविंद गुप्ता यांनी शाळाशाळांत पोचवलेली.

एमआयटीतले प्राध्यापक नील गेर्शेनफेल्ड पाबळला पोचले ते हे सगळं सुरू होऊन जवळजवळ वीस वर्षं झाल्यावर. १९९८ पासून ते एक वर्ग घेत होते, ‘जवळजवळ काहीही कसं बनवावं’ अशा अर्थाच्या नावाचा. अभियांत्रिकीच्या संशोधकांसाठी काढलेल्या वर्गात चित्रकार आणि वास्तुरचनाकारही गर्दी करू लागले. २००१ मध्ये त्यांच्या केंद्राला अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचं अनुदान मिळालं, त्यात समाजापर्यंत पोचण्याची अट होती. नुसती व्याख्यानं देण्याऐवजी यंत्रंच लोकांच्या हाती द्यावीत, असं त्यांनी ठरवलं. पुठ्ठा-प्लायवूड कापणारा लेसर, तांब्याच्या पातळ पत्र्यातून सर्किट कापणारं यंत्र, छोटी मिलिंग मशीन, थोडे संगणक. सुरुवातीला असा संच सुमारे वीस हजार डॉलरांत बसत होता. तो लावायचा कुठं? जिथं लोकांकडे प्रश्न तयार आहेत तिथं.

पाबळकडे ते होते. पाण्यासाठी डिझेल इंजिनं चालत, त्यांच्या गतीचं आणि टायमिंगचं गणित चुकलं की डिझेल फुकट जाई. ते मोजणारं उपकरण बाजारात महाग, मग इथंच का करू नये? दुधाची प्रत कशी तपासायची? जमिनीखालचं पाणी शोधायला भूरोध मापन आश्रमात आधीपासून होतं, जीपचे जुने भाग वापरून छोटा ट्रॅक्टरही झाला होता. गेर्शेनफेल्ड यांच्या २००५ च्या ‘फॅब’ या पुस्तकात कलबाग आणि पाबळ दोन्ही आहेत. ते पुस्तक निघण्यापूर्वीच, २००३ मध्ये, कलबाग गेले. २००९ मध्ये जगभरच्या फॅब लॅबांची वार्षिक परिषद पुण्यात भरली. आज अशा लॅब शंभराहून अधिक देशांत दोन हजारांच्या वर आहेत.

टेकशॉपचं काय झालं तेही सांगायला हवं. अमेरिकेतल्या अनेक शहरांत त्याच्या शाखा निघाल्या, महिन्याला शंभर डॉलर आणि पुढे त्याहूनही जास्त वर्गणी होती, तरी नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. तिथं काम केलेल्या माणसांबद्दल मला आदरच आहे, तिथं तयार झालेल्या वस्तूंतून काही चांगले धंदे उभे राहिले. पण वर्गणीवर भाडं, वीज, विमा, देखभाल भागत नाही हे लेथ विकत घेतलेल्या कुठल्याही फॅब्रिकेटरला ठाऊक असतं. अण्णांचं दुकान चाललं ते गिऱ्हाइकाच्या कामावर. शाळेची कार्यशाळाही, निदान काही अंशी, तशीच.

आपल्याकडे मुंबईत २०१३ मध्ये ‘मेकर्स असायलम’ ही अशीच खुली कार्यशाळा सुरू झाली, नंतर ती गोव्यात मोयऱ्याला गेली. २०२० च्या टाळेबंदीत त्यांनी चेहरा झाकणाऱ्या पारदर्शक ढालीचा आराखडा खुला ठेवला, आणि देशभरातल्या शहरांतल्या छोट्या कार्यशाळांनी त्या ढाली आपापल्या ठिकाणी करून रुग्णालयांना दिल्या. एकूण आकडा दहा लाखांवर गेला. जे वर्षानुवर्षं हौस म्हणून हिणवलं गेलं होतं त्याला त्या काही आठवड्यांत रुग्णालयाची मागणी आली, आणि हात तयार होते म्हणून ती पुरी झाली. केंद्र सरकारनं २०१६ पासून शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब काढायला सुरुवात केली, शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान ठरलं. त्रिमितीय छपाईचं यंत्र आता तालुक्याच्या गावातही आलं. मी एखाद्या अशा लॅबमध्ये गेले की यंत्राची किंमत विचारत नाही. इथून गेल्या महिन्यात बाहेर काय गेलं आणि ते कोण वापरतंय, एवढंच विचारते.

या इतिहासाचं सगळ्यात चांगलं साधन कुणी जपलेलं नाही. आमच्या शाळेत एक जाडजूड नोंदवही होती. तारीख, गिऱ्हाइकाचं नाव, वस्तू, माप, लोखंडाचं वजन, ठरलेली रक्कम, मिळालेली रक्कम, कुणी केलं. हा विषय राज्यातल्या ज्या ज्या शाळांत पोचला तिथं अशा वह्या असणार. त्यातून कोणत्या वर्षी लोखंडाचा भाव काय होता हे कळेल. गावाला कधी गोठ्याचं फाटक हवं होतं, कधी शौचालयाचं दार, कधी ठिबकच्या टाकीचा स्टँड हवा होता हे कळेल. शेवटच्या रकान्यात मुलींची नावं कधीपासून दिसू लागली हेही. यातली एखादी वही कुठल्या कपाटात पडून असेल, तर मुख्याध्यापकांनी ती रद्दीत देण्यापूर्वी तिची पानं निदान मोबाइलवर टिपून ठेवावीत.