नाकारलेले साडेसदतीस टक्के

लुइझियानात आमच्या शेजारी राहणारे केजन आजोबा पोरवयात वडिलांच्या होडीवर कोळंबी धरायला जायचे. 1947 साली केर-मॅगी कंपनीने आखातात, किनारा नजरेआड होतो इतक्या आत, तेलाची विहीर खोदली. पाणी जेमतेम 18 फूट. “बाबा तेव्हाच म्हणाले, या चिखलावरून आता मोठी माणसं भांडणार,” आजोबा सांगायचे.

भांडण सुरू झालंच होतं: समुद्रतळ केंद्राचा की राज्यांचा? आपल्या घटनेचं कलम 297 समुद्रतळ सरळ केंद्राच्या हवाली करतं. अमेरिकेच्या घटनेत असं कलमच नाही. त्यामुळे निवाडा न्यायालयाने करायचा. त्याच वर्षी कॅलिफोर्निया हरलं, 1950 मध्ये लुइझियाना आणि टेक्सासही. ओहोटीच्या रेषेपलीकडे वरचढ हक्क केंद्राचा, असं ठरलं. टेक्सास चिडलं. एके काळचं ते स्वतंत्र प्रजासत्ताक, 1836 मध्येच त्याने आपली हद्द समुद्रात तीन लीगपर्यंत आखलेली. तिथल्या डेमोक्रॅट गव्हर्नरने 1952 च्या निवडणुकीत चक्क रिपब्लिकन आयझेनहॉवरना साथ दिली. पुढच्याच वर्षी कायदा झाला आणि किनाऱ्यालगतचा तळ राज्यांना परत मिळाला. 1960 च्या निकालाने टेक्सासच्या तीन लीग कायम राहिल्या; लुइझियानाच्या पदरात तीनच मैल पडले.

आजोबांचा राग मात्र वॉशिंग्टनवर नव्हता. ट्रुमन अध्यक्ष असताना लुइझियानापुढे तडजोड आली होती: तीन मैलांच्या आतल्या उत्पन्नाचा दोन-तृतीयांश वाटा, पलीकडच्याचा साडेसदतीस टक्के. लुइझियानातल्याच प्लाकमिन्स परगण्याचे बलाढ्य पुढारी लिअँडर पेरेझ यांनी ती धुडकावायला लावली; त्यांना सगळंच हवं होतं. “आमच्या ताटातलं आमच्याच माणसांनी सांडलं,” आजोबा म्हणत. मला त्यांचं पटतं, कारण पुढे तेलाचा मोठा साठा निघाला तो तीन मैलांच्या पलीकडेच.

आणि इकडे जमीन बुडत राहिली. मिसिसिपीला बांध घातल्याने गाळ येईना, तेलासाठी खणलेल्या कालव्यांतून खारं पाणी दलदलीत शिरलं. 1932 पासून लुइझियानाचा सुमारे 4,800 चौरस किलोमीटर किनारी भूभाग गेला. आजोबांचं जन्मगावही त्यातच.

2006 मध्ये काँग्रेसने आखातातल्या ठरावीक पट्ट्यांच्या उत्पन्नाचा वाटा चार राज्यांना देऊ केला. साडेसदतीस टक्के! आकडा तोच, पण पूर्वी तो एकट्या लुइझियानाला मिळाला असता. आता येणारा पैसा राज्याच्या घटनेनुसार किनारा वाचवण्यावर खर्च होतो, आणि अर्ध्या शतकाचा पैसा हातचा गेल्यावर तो पुरत नाही.