'पुरेशा' यंत्राची गोष्ट

पन्नास-पंचावन्न हजारांच्या आत लॅपटॉप घ्यायचा, तर कोणता घ्यावा? हा प्रश्न गेल्या उन्हाळ्यात माझ्यावर येऊन पडला. माझे काम मोडी कागदांचे. जुन्या घरांतून निघालेल्या जमाखर्चाच्या वह्यांचे फोटो काढायचे, ते पडद्यावर मोठे करून वाचायचे आणि शेजारी देवनागरीत लिप्यंतर टंकायचे. यासाठी आठ वर्षांपूर्वी घेतलेला लॅपटॉप शेवटी शेवटी दोन फोटो एकदम उघडायलाही तयार होईना. दुरुस्तीच्या दुकानातल्या मुलाने मागचे झाकण काढले, आत पाहिले आणि परत लावले. "काका, चार जीबी रॅम आहे, तीही बोर्डावरच सोल्डर केलेली. वाढवायला जागाच नाही." पडदा स्वच्छ होता, कीबोर्ड धड होता, यंत्रात बिघाड असा काहीच नव्हता. तरी ते संपले होते.

इतिहासाची खोड लागलेल्या माणसाचे एक वाईट असते. पुढे जाण्याआधी तो मागे जातो. दुकानात पाऊल टाकण्याऐवजी मी चाळीस-पंचेचाळीस वर्षांची जुनी मासिके आणि जाहिराती धुंडाळत बसलो, आणि तिथे मला भेटला अॅडम ऑस्बोर्न.

या माणसाचे बालपण आपल्याकडचे, म्हणजे तमिळनाडूतले. जन्म १९३९ चा, बँकॉकचा. वडील आर्थर ऑस्बोर्न हे रमण महर्षींचे इंग्रज शिष्य. महर्षींचे चरित्र लिहिणारे आणि 'द माउंटन पाथ' हे आश्रमाचे नियतकालिक सुरू करणारे ते हेच. महायुद्धात वडील जपान्यांच्या कैदेत अडकले आणि आई मुलांसह तिरुवण्णामलईत राहिली. अरुणाचलाच्या पायथ्याशी वाढलेला हा मुलगा पुढे अमेरिकेत रसायन अभियंता झाला, मग संगणकावरच्या पुस्तकांचा प्रकाशक झाला आणि एप्रिल १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका संगणक मेळाव्यात 'ऑस्बोर्न १' घेऊन उभा राहिला.

आज ते यंत्र पाहिले की शिवणयंत्राची पेटी आठवते. वजन साधारण अकरा किलो, पडदा फक्त पाच इंची, ६४ केबी स्मृती, बॅटरी नाहीच. किंमत १७९५ डॉलर, तेव्हाच्या दराने साधारण पंधरा हजार रुपये. पण त्या किमतीत शब्दलेखनाचे 'वर्डस्टार', हिशेबाचे 'सुपरकॅल्क' आणि बेसिक भाषा एवढे सामान सोबत मिळे. हे सारे सुटे घ्यायचे तर जवळजवळ यंत्राइतकेच पैसे पडत. ऑस्बोर्नचे म्हणणे असे की यंत्र पुरेसे असले की झाले, बाकी सगळे गैरलागू. मध्यम खिशाच्या गिऱ्हाइकासाठी कोणी मुद्दाम आखलेला हा पहिला फिरता संगणक, असे मला वाटते. पुढच्याच वर्षी 'ग्रिड कंपास' आला. मॅग्नेशियमचे कवच, शिंपल्यासारखा मिटणारा पडदा. आजच्या लॅपटॉपचे रूप खरे त्याचे. पण किंमत ८१५० डॉलर. तो नासाच्या अंतराळयानात आणि सैन्यात गेला, घरात नाही.

ऑस्बोर्नची कंपनी सप्टेंबर १९८३ मध्ये दिवाळखोरीत गेली. पुढच्या मॉडेलची घोषणा आधीच करून टाकली, लोक थांबले आणि जुना माल पडून राहिला, ही कथा व्यवस्थापनाच्या वर्गात अजून सांगितली जाते. मला ती अर्धीच पटते. 'केप्रो'ने दरम्यान त्याच पट्ट्यातल्या किमतीत नऊ इंची पडदा दिला होता. शेजाऱ्याकडे नऊ इंच दिसल्यावर पाच इंच पुरेसे कसे वाटतील? (स्वतः ऑस्बोर्न शेवटी भारतातच परतला. २००३ मध्ये कोडाईकनालला त्याचे निधन झाले.)

१९८५ च्या 'तोशिबा टी ११००' ने बॅटरी दिली, वजन चार किलोंवर आणले, आणि लॅपटॉप खरोखर मांडीवर आला. त्यानंतरची वीस वर्षे मी भराभर ओलांडतो. यंत्रे हलकी झाली, वेगवान झाली, आणि तरीही महाग राहिली.

'पुरेसे' हा शब्द परत आला २००७ मध्ये, आणि तोही दोन वाटांनी. पहिली वाट आपल्या कर्जत तालुक्यातून जाते. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' ही अमेरिकेत निघालेली कल्पना भारत सरकारच्या शिक्षण खात्याने २००६ मध्ये नाकारली होती. तरी पुढच्या वर्षी खैराट या छोट्या गावाच्या एकशिक्षकी शाळेत ते हिरवे-पांढरे यंत्र प्रयोग म्हणून आले. ठरवलेली किंमत शंभर डॉलर, प्रत्यक्षात ती जवळपास दुप्पट झाली. शिक्षणात त्याने काय साधले यावर भरपूर वाद झाला आहे. माझे लक्ष मात्र त्याच्या बांधणीकडे गेले. पडदा भर उन्हात वाचता येई. साध्या स्क्रू-ड्रायव्हरने मुलालाही ते उघडता येई, आणि हरवतीलच म्हणून जादा स्क्रू मुठीतच ठेवलेले असत. पुरेसेपणात दुरुस्तीही मोजणारे यंत्र मला या सगळ्या शोधात एवढे एकच सापडले.

दुसरी वाट बाजारातली. 'आसुस ई पीसी'चा सात इंची, ४ जीबी साठवणीचा छोटा लॅपटॉप त्याच वर्षी आला आणि 'नेटबुक'ची लाट उसळली. पण हे स्वस्त यंत्र महागड्या यंत्राचे गिऱ्हाईक खाईल, अशी भीती उद्योगाला वाटू लागली. मग सवलतीतल्या विंडोजसाठी अटी आल्या. पडदा अमुक इंचांपेक्षा मोठा नको, रॅम १ जीबीपेक्षा जास्त नको. म्हणजे नेटबुक किती पुरेसे असावे याची वरची मर्यादा कागदावर ठरली. त्या काळी ज्यांनी नेटबुक घेतले आणि 'स्वस्तातले ते असेच रखडणार' म्हणून नशिबाला दोष दिला, त्यांना हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

माझ्या सोल्डर केलेल्या रॅमची वंशावळ मात्र वेगळ्या घराण्यातली. जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्सने कागदी पाकिटातून 'मॅकबुक एअर' बाहेर काढला. रॅम बोर्डावर पक्की, बॅटरी गिऱ्हाइकाला काढता न येणारी. किंमत १७९९ डॉलर, ऑस्बोर्नपेक्षा नेमके चार डॉलर जास्त; सत्तावीस वर्षांत डॉलर पुष्कळ घसरला हे धरूनही आकडा गमतीचा. मग २०११ मध्ये इंटेलने 'अल्ट्राबुक'ची टूम काढली. जाडी २० मिलिमीटरच्या आत, किंमत हजार डॉलरच्या आत. पाकिटातला बारीकपणा मध्यम किमतीत उतरवायचा, तर रॅमच्या खाचेची जाडी परवडेना. सोल्डर केलेली रॅम वीज कमी खाते आणि प्रोसेसरच्या जवळ बसल्याने वेगही देते, हे खरे आहे. उत्पादकांनी उगीच दुष्टपणा केला असे मी म्हणणार नाही. पण श्रीमंताच्या यंत्रातला बारीकपणा खाली आला, तेव्हा त्याची किंमत आठ-आठ वर्षे यंत्र वापरणाऱ्या गिऱ्हाइकाने मोजली. ज्याला दर तीन वर्षांनी नवे घेता येते, त्याला खाच असली काय, नसली काय! फ्रान्सने २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीसुलभतेचे दहापैकी गुण छापायला लावले. आपल्या दुकानातल्या पाटीवर प्रोसेसर, रॅम, साठवण, पडदा एवढेच असते.

एवढी उजळणी करून मी लॅमिंग्टन रोडला गेलो. दोन यंत्रे समोर आली. एक बारीक, देखणे. पडदा इतका स्वच्छ की मोडीतल्या शाईचा फिका फाटाही सुटा दिसला. १६ जीबी रॅम, सगळी सोल्डर केलेली. दुसरे जाड, पडदा मळकट, ८ जीबी रॅम. किमतीत दोन हजारांचा फरक. त्या जाड यंत्रात खाच आहे का, हे विक्रेत्याला सांगता येईना आणि सीलबंद खोके उघडता येईना. उत्पादकाच्या संकेतस्थळावर दुरुस्तीची पुस्तिका असते, ती मी तिथेच उभ्याउभ्या फोनवर उतरवली. साठाव्या की एकसष्टाव्या पानावर आकृती होती: खाचा दोन, त्यांतली एक रिकामी. बॅटरी साध्या स्क्रूंनी बसवलेली.

"काका, हा पडदा बघा ना एकदा," विक्रेता पहिल्या यंत्राकडे बोट दाखवून म्हणाला. मी बघितलाच होता. आठवड्यातले पाच दिवस माझे डोळे त्या पडद्यावर जाणार, त्यामुळे निर्णय मी समजत होतो तितका सरळ नव्हता. शेवटी जाड यंत्र घेतले. वाचलेल्या पैशांत थोडी भर घालून घरच्या टेबलासाठी एक जुना पण चांगला मॉनिटर आणला. गावोगाव फिरताना मात्र तो मळकट पडदाच वापरावा लागतो, आणि उन्हाच्या ओसरीवर बसलो की खैराटच्या मुलांचा हेवा वाटतो.

दुसरी पट्टी अजून घेतलेली नाही. खाच रिकामी आहे.